कर्णाला कोणत्या रकान्यात बसवावे?

प्रश्न: नागपुरातील एका मराठी शाळेत मी सातवी-आठवीला शिकवते. स्नेहसंमेलनासाठी रामायण-महाभारतातील पात्रांवर कार्यक्रम बसवत आहोत. त्यासाठी फळ्यावर नायक, खलनायक आणि ऋषी असे तीन रकाने आखले; परंतु रावण, कर्ण, धृतराष्ट्र आणि विश्वामित्र यांची नावे लिहिताना वर्गात भांडणच झाले. ही विभागणी शास्त्राला धरून आहे का? नसल्यास कशी करावी? शिवाय एक मुलगा भूमिकेवाचून राहिल्यामुळे रुसला आहे. त्याच्यासाठीही काही सुचवावे.

उत्तर: आपल्या वर्गात भांडण झाले हे वाचून मला खरोखर बरे वाटले. तीस-बत्तीस वर्षे महाविद्यालयात संस्कृत शिकवले आणि निवृत्तीनंतर महालातल्या आमच्या जुन्या घराच्या माडीवर दर शनिवारी महाभारताचे वाचन चालवतो, त्या अनुभवावरून सांगतो की ज्या बैठकीत या चार नावांवरून आवाज चढत नाहीत, त्या बैठकीत ग्रंथ उघडलेला नसतो, केवळ ऐकीव गोष्टी चाललेल्या असतात.

प्रथम शब्दाचा विचार करू. आपण 'खलनायक' म्हणतो, पण जुन्या नाट्यशास्त्राची संज्ञा 'प्रतिनायक' अशी आहे. दहाव्या शतकाच्या अखेरीस माळव्याच्या मुंज राजाच्या दरबारी असलेल्या धनंजयाने 'दशरूपका'त तिचे लक्षण अर्ध्या श्लोकात दिले आहे: 'लुब्धो धीरोद्धतः स्तब्धः पापकृद् व्यसनी रिपुः'. लोभी, उद्धत, ताठर, पापे करणारा, व्यसनी आणि शत्रू. रामाचा रावण आणि युधिष्ठिराचा दुर्योधन अशी त्याची उदाहरणे त्या ग्रंथावरील टीकेत, म्हणजे भाष्यात, येतात. येथे दोन गोष्टी सहज नजरेआड होतात. एक म्हणजे 'रिपु' हा शब्द. प्रतिनायक हा कोणाचा तरी प्रतिनायक असतो, म्हणजे नायकाच्या कार्याच्या आड येतो म्हणून त्याला ते पद मिळते. दुसरी म्हणजे 'धीरोद्धत' हा शब्द. धनंजयाने नायकांचे जे चार प्रकार केले आहेत, धीरललित, धीरशांत, धीरोदात्त आणि धीरोद्धत, त्यांपैकीच हा एक आहे आणि त्याची उदाहरणे देताना टीकाकार परशुराम आणि रावण यांना एकाच पंक्तीला बसवतो. ज्या स्वभावाचा माणूस एका नाटकात नायक होऊ शकतो, त्याच स्वभावाचा माणूस दुसऱ्या नाटकात प्रतिनायक होतो, हे त्या शास्त्राला मान्य होते.

हे शास्त्र रंगभूमीचे आहे. पाच-सात अंकांचे नाटक लिहिणाऱ्या कवीला कोणाला कोणता स्वभाव द्यावा, याचे ते मार्गदर्शन आहे. सात कांडांचे रामायण आणि अठरा पर्वांचे महाभारत त्याच्या कितीतरी शतके आधीची असून ती या मापाने बेतलेली नाहीत. म्हणून आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे की ही विभागणी एका शास्त्राला धरून आहे, परंतु ते शास्त्र या ग्रंथांचे नव्हे.

मग या ग्रंथांचे स्वतःचे माप कोणते? यापुढे मी लिहितो ते माझे मत समजावे, शास्त्रवचन समजू नये. अनेक वर्षे तेच तेच प्रसंग शिकवताना माझ्या लक्षात आले की महाकाव्यांतला कोणीही राजा, वीर अथवा राक्षस मोठी चूक करण्यापूर्वी त्याला ती करू नकोस असे सांगणारा कोणीतरी कवीने हटकून उभा केलेला असतो. कधी तो ऋषी असतो, कधी भाऊ, कधी बायको, कधी सूत म्हणजे सारथी. ऐकणाऱ्याने त्या क्षणी काय केले, यावर कवीची दृष्टी खिळलेली असते. चूक नायकही करतात आणि प्रतिनायकही करतात. सांगणाऱ्याशी ते कसे वागतात, तेथे त्यांच्या वाटा फुटतात.

रावणापासून सुरुवात करू. सीतेच्या हरणाचा बेत घेऊन तो मारीचाकडे जातो. हा मारीच राक्षस असूनही त्या वेळी जटा वाढवून, काळविटाचे कातडे नेसून, मिताहार करीत आश्रमात राहत होता. तेव्हा आपल्या फळ्यावर त्याला कोणत्या रकान्यात लिहाल, हे मुलांना अवश्य विचारावे. विश्वामित्राच्या यज्ञाच्या वेळी रामाचा बाण लागून तो समुद्रात फेकला गेला होता, त्यामुळे तो अनुभवाने बोलतो. तो म्हणतो की मला इतका धाक बसला आहे की 'रत्न', 'रथ' असे रकाराने सुरू होणारे शब्द कानी पडले तरी भीती वाटते. आणि याच मारीचाच्या तोंडी वाल्मीकीने तो प्रसिद्ध श्लोक घातला आहे:

सुलभाः पुरुषा राजन् सततं प्रियवादिनः।
अप्रियस्य च पथ्यस्य वक्ता श्रोता च दुर्लभः॥

गोड बोलणारे हवे तेवढे मिळतात. कटू पण हिताचे सांगणारा दुर्मीळ आणि ते ऐकणाराही दुर्मीळ. या श्लोकातला 'श्रोता च' हा तुकडा मला नेहमी अधिक महत्त्वाचा वाटतो. रावणाचे उत्तर थोडक्यात असे की मी तुला गुणदोष विचारायला आलो नाही. ऐकले नाहीस तर आत्ताच मारतो. पुढे बिभीषण सांगतो, वयोवृद्ध माल्यवान सांगतो, झोपेतून उठवलेला कुंभकर्णसुद्धा आधी चार खडे बोल सुनावतो आणि मगच युद्धाला जातो. उणीव सल्ल्याची नव्हती.

मात्र रावण वाईट म्हणून कवी त्याला कुरूप किंवा क्षुद्र करीत नाही. बांधून आणलेला हनुमान लंकेच्या सभेत त्याला प्रथम नीट पाहतो, तेव्हा शत्रूच्या दूताच्या मनात काय येते? 'अहो रूपमहो धैर्यमहो सत्त्वमहो द्युतिः', काय हे रूप, काय धैर्य, काय बळ, काय तेज! आणि लगेच पुढे येते की याचा अधर्म एवढा बलवान नसता, तर हा इंद्रासह देवलोकाचाही रक्षक झाला असता. रावण पडल्यावर राम बिभीषणाला म्हणतो, 'मरणान्तानि वैराणि', वैर मरणापर्यंतच असते; याचा संस्कार कर, हा जसा तुझा तसा माझाही आहे. दसऱ्याला कस्तुरचंद पार्कवर फटाके भरलेला पुतळा धडधडताना बघितलेल्या मुलांना हे वाक्य ऐकवून पाहावे.

परंतु याच्या उलट टोकाला जाणारेही हल्ली पुष्कळ भेटतात. रावणाने सीतेला स्पर्श केला नाही, म्हणून तो नीतिमान होता, असे संदेश दर दसऱ्याला मोबाइलवर फिरतात. सुंदरकांडात तो 'तुझी इच्छा नसताना तुला स्पर्श करणार नाही' असे म्हणतो, हे खरे आहे. पण त्यानंतर थोड्याच वेळात तो तिला दोन महिन्यांची मुदत देतो आणि तेवढ्यात वश झाली नाहीस तर माझे आचारी न्याहारीसाठी तुझे तुकडे करतील, असे बजावतो. शिवाय प्रचलित पाठाच्या युद्धकांडात पुंजिकस्थला या अप्सरेच्या प्रकरणी ब्रह्मदेवाने दिलेला आणि उत्तरकांडात रंभेच्या प्रकरणी नलकूबराने दिलेला असे दोन शाप सांगितले आहेत. बलात्कार केलास तर मस्तकाच्या चिंधड्या होतील, असा त्यांचा आशय आहे. या संयमाचे श्रेय कोणाला द्यायचे, ते मुलांनी ठरवावे. आठवीतल्या मुलांना ते बरोबर ठरवता येते.

आपल्या नागपुरात हा विषय केवळ ग्रंथातला राहत नाही, हेही लक्षात ठेवावे. 14 ऑक्टोबर 1956 रोजी येथे धम्मदीक्षा झाली, तो दिवस विजयादशमीचाच होता. त्यामुळे एकाच संध्याकाळी शहराच्या एका भागात रावण जळतो आणि दुसऱ्या भागात दीक्षाभूमीवर लाखो माणसे पूर्णपणे वेगळ्या स्मरणाने जमलेली असतात. अकोला जिल्ह्यातील सांगोळ्याला तर रावणाची मूर्ती पुजली जाते, आणि विदर्भातील काही गोंड वस्त्यांत रावणाला पूर्वज मानून त्याचे दहन करू नये अशी मागणी होते. आपल्या वर्गात या सर्व घरांतील मुले बसलेली असणार. 'खलनायक' हा शब्द फळ्यावर लिहिताना ते ध्यानात असावे, एवढेच.

आता दुर्योधन. वनपर्वाच्या आरंभी मैत्रेय ऋषी हस्तिनापुरात येतात आणि पांडवांशी वैर सोड म्हणून त्याला समजावतात. दुर्योधन काही बोलत नाही. खाली पाहून पायाने जमीन उकरतो, हसतो आणि हाताने मांडी थोपटतो. मैत्रेय संतापून शाप देतात की याच मांडीचा भीम गदेने चुरा करील. रंगमंचावर यासारखा प्रसंग दुसरा नाही, कारण संवाद एकाच्याच तोंडी आहेत आणि उत्तर दुसऱ्याच्या तळहाताचे आहे. उद्योगपर्वात पुन्हा तेच घडते. परशुराम, कण्व आणि नारद पाळीपाळीने त्याला उपाख्याने ऐकवतात. कण्वांची गोष्ट संपते आणि हा मांडी थोपटून म्हणतो, 'किं प्रलापः करिष्यति', ईश्वराने मला जसे घडवले आहे तसा मी वागतो, या बडबडीने काय होणार?

येथे एक खुलासा करून ठेवतो, कारण कार्यक्रमात ती ओळ कोणीतरी घुसवणारच. 'जानामि धर्मं न च मे प्रवृत्तिः', धर्म जाणतो पण तिकडे मन वळत नाही, हे दुर्योधनाचे म्हणून सर्रास उद्धृत होणारे वचन महाभारतातील नाही. ते पांडवगीतेसारख्या उत्तरकालीन स्तोत्रसंग्रहातून आले आहे. महाभारतातील दुर्योधन इतका हळवा नाही. ती ओळ कोणाला शोभेल, तर धृतराष्ट्राला. 'कळते पण वळत नाही' ही आपली मराठी म्हण जणू त्याच्यासाठीच घडली आहे. झोप येईना म्हणून तो विदुराला बोलावतो, रात्रभर नीती ऐकतो, प्रत्येक गोष्ट पटल्याचे सांगतो आणि अखेरीस म्हणतो की तुझे सगळे खरे, पण दुर्योधन समोर आला की माझी बुद्धी फिरते. त्याला खलनायकाच्या रकान्यात टाकायला माझे मन घेत नाही आणि बाहेर काढायलाही घेत नाही. मुलांपैकी कोणी 'आमच्या घरी असे एक आजोबा आहेत' असे म्हणाले, तर हसून सोडून द्यावे.

नायकांकडे वळताना आपल्या मोजपट्टीची परीक्षा होते, कारण तेही पुष्कळदा ऐकत नाहीत. सर्वस्व गेल्यानंतर, द्रौपदीमुळे ते परत मिळाल्यानंतर, युधिष्ठिर दुसऱ्यांदा द्यूताला बसतो. दंडकारण्यात शिरताना सीता रामाला म्हणते की ज्यांच्याशी वैर नाही अशा राक्षसांना केवळ शस्त्र हाती आहे म्हणून मारू नये, आणि ठेव म्हणून मिळालेली तलवार सतत जवळ बाळगल्यामुळे क्रूर झालेल्या एका तपस्व्याची गोष्टही सांगते. राम तिचे ऐकत नाही. पण तू प्रेमाने बोललीस हे तुला शोभणारे आहे, असे म्हणून, ऋषींना दिलेले वचन पुढे करून तो आपले कारण सांगतो. वालीला आडून बाण मारल्यावर मरता मरता वालीने विचारलेले प्रश्न कवीने सबंध सर्गभर येऊ दिले आहेत आणि रामाला त्यांची उत्तरे द्यावी लागली आहेत. ती उत्तरे पटतात की नाही, यावर आमच्या माडीवर दोन शनिवार गेले आणि चहा तीनदा झाला. मुद्दा एवढाच की मारीचाला मिळाले तसले उत्तर राम कोणालाही देत नाही.

युधिष्ठिराचे ऐकणे पाहायचे असेल तर वनपर्व वाचावे, आणि तेथे आपला विदर्भ येतो. माझ्याइतका दुर्दैवी राजा कोणी झाला आहे काय, असे त्याने विचारल्यावर बृहदश्व ऋषी त्याला नल-दमयंतीची कथा सांगतात. दमयंती ही विदर्भाच्या भीम राजाची मुलगी. नलाने द्यूतात राज्य घालवले, रानात झोपलेल्या पत्नीला टाकून गेला आणि पुढे ऋतुपर्ण राजाचा सारथी होऊन विदर्भाकडे निघाला. वाटेत एका बेहड्याच्या झाडापाशी ऋतुपर्णाने पाने आणि फळे नजरेनेच मोजून दाखवली आणि आपली ती विद्या नलाला दिली. तत्क्षणी नलाच्या अंगातला कली बाहेर पडला. त्या काळी बेहड्याची फळेच फासे म्हणून वापरीत, म्हणून झाड तेच निवडलेले आहे. बेहडा आपल्याकडच्या रानांत आजही भरपूर आहे. सहलीत मुलांना दाखवता येईल. कथा संपल्यावर बृहदश्व युधिष्ठिराला द्यूताचे रहस्य, 'अक्षहृदय', शिकवतात. जुगारात हरलेल्या राजाला ऋषी जुगाराला नावे ठेवत बसत नाही; त्याच्यासारख्याच हरलेल्या दुसऱ्या राजाची गोष्ट सांगतो आणि पुन्हा हरू नये म्हणून फासे कसे टाकावेत तेही शिकवतो. नलही राज्य परत मिळाल्यावर पुष्करासारख्या कपटी भावाला मारत नाही, त्याचे नगर त्याला परत देतो. या आख्यानात खलनायक शोधायला गेलात तर हाती फारसे काही लागत नाही.

तरीही नायक निर्मळ राहत नाही. 'नरो वा कुंजरो वा' हा आपल्या बोलीतला वाक्प्रचार महाभारतात त्या शब्दांत नाही. द्रोणपर्वात आहे ते असे की असत्याच्या भयात बुडालेला आणि जयावर आसक्त झालेला युधिष्ठिर 'अश्वत्थामा मारला गेला' हे मोठ्याने बोलला आणि 'हत्ती' हे अस्पष्ट बोलला. तोवर त्याचा रथ जमिनीपासून चार बोटे वर चालत असे. तो खाली टेकला. आणि स्वर्गारोहणपर्वात तो स्वर्गात पाऊल टाकतो तेव्हा त्याला प्रथम दिसतो तो तेजाने तळपत सिंहासनावर बसलेला दुर्योधन. भाऊ आणि द्रौपदी यांचे आवाज नरकाकडून ऐकू येतात. ज्या ग्रंथाचा शेवट असा आहे, त्याला दोन रकान्यांत बसवणे अवघड जाणारच.

आता कर्ण. गेल्या पन्नास-साठ वर्षांत मराठी कादंबऱ्या आणि नाटके यांनी कर्णाला जे स्थान मिळवून दिले आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण आपला कार्यक्रम मूळ ग्रंथावर बसवायचा असेल तर काही गोष्टी तपासून घ्याव्यात. 'मी सूताला वरणार नाही' असे द्रौपदी स्वयंवरात म्हणाली, हे वाक्य पुण्याच्या भांडारकर संस्थेने 1919 ते 1966 या काळात असंख्य हस्तलिखिते पडताळून सिद्ध केलेल्या चिकित्सक आवृत्तीच्या मुख्य पाठात नाही. ते पाठभेदांत गेले आहे. त्याचप्रमाणे मयसभेत पाण्यात पडलेल्या दुर्योधनाला द्रौपदीने 'आंधळ्याचा मुलगा आंधळा' म्हटल्याचेही सभापर्वात नाही. हसल्याचा उल्लेख भीमादिकांचा आणि सेवकांचा आहे; द्रौपदी हसली, हे दुर्योधन नंतर बापाला स्वतःच्या तोंडाने सांगतो. याउलट द्यूतसभेत कर्णाने द्रौपदीला उद्देशून काढलेले शब्द आणि तिची वस्त्रे काढून घेण्याची त्याची आज्ञा ही मूळ पाठात पक्की आहेत. त्याच सभेत अन्याय झाला असे उघड म्हणणारा विकर्ण मात्र कौरव, दुर्योधनाचा सख्खा धाकटा भाऊ. त्याला गप्प बसवणाराही कर्णच. तेव्हा 'खलनायकांच्या' घरातला मुलगा धर्माची बाजू घेतो आणि 'शोकनायक' त्याला दटावतो, असा हा प्रसंग आहे.

पण कर्णाची गोष्ट येथे थांबत नाही. उद्योगपर्वात कृष्ण त्याला रथात घेऊन जन्मरहस्य सांगतो, राज्य देऊ करतो. कर्ण सगळे ऐकतो, सगळे मान्य करतो, पांडव जिंकणार हेही ओळखतो. अधिरथाने आणि राधेने मला वाढवले, दुर्योधनाच्या आधारावर मी तेरा वर्षे राज्य भोगले. आता ते सोडणार नाही, असे तो सांगतो. आणि मध्येच एक वाक्य बोलून जातो: 'यदब्रुवमहं कृष्ण कटुकानि स्म पाण्डवान्। प्रियार्थं धार्तराष्ट्रस्य तेन तप्येऽद्य कर्मणा॥' दुर्योधनाला बरे वाटावे म्हणून मी पांडवांना जे कडवट बोललो, त्या कृत्याने आज मी जळतो आहे. दुर्योधनाने असे वाक्य कधीही उच्चारलेले नाही. माझ्या मते कर्णाची भूमिका करणाऱ्या मुलाला सभेतला तो प्रसंगही द्यावा आणि हे वाक्यही द्यावे. यांपैकी एकच दिले तर तो कर्ण होत नाही.

आता ज्याने माझी मोजपट्टी मोडते, ते उदाहरण लपवत नाही. एकलव्याने ऐकले. निषादाचा मुलगा म्हणून द्रोणांनी नाकारले तरी मातीच्या मूर्तीपुढे तो शिकला, आणि गुरूने अंगठा मागितल्यावर प्रसन्न मुखाने कापून दिला. येथे सांगणाराच चुकलेला आहे. व्यासांनी त्यावर पांघरूण घातलेले नाही. अंगठा गेल्यावर 'अर्जुनाचा ज्वर उतरला' असे लिहून त्यांनी मोकळे केले आहे. नायकाच्या मनातला मत्सर इतक्या कोरडेपणाने नोंदवणारा कवी विरळा.

ऋषींचा रकाना आपल्याला सोपा वाटला असेल, पण तोच सर्वांत फसवा आहे. आपल्या बोलीत संतापी माणूस 'जमदग्नीचा अवतार' असतो, भांडणे लावणारा 'कळीचा नारद' असतो आणि जबाबदारी नाकारणारा 'विश्वामित्री पवित्रा' घेतो; म्हणजे लोकांनी ऋषींना केव्हाच माणसांत ओढले आहे. बालकांडात शतानंद रामाला विश्वामित्राचे चरित्र सांगतात, ते स्वतः विश्वामित्राच्या समक्ष. वसिष्ठांची गाय बळाने नेऊ पाहणारा राजा, हरल्यावर तपाला बसणारा, प्रथम राजर्षी, मग ऋषी, मग महर्षी; मेनकेपायी दहा वर्षे घालवून तप गमावणारा, नंतर रंभेला रागाच्या भरात शिळा करून पुन्हा तप गमावणारा. काम जिंकला तर क्रोध उरला, तोही जिंकला तेव्हा वसिष्ठांनी ब्रह्मर्षी म्हटले. मेनकेला त्याने रामायणात 'मधुर शब्दांनी' निरोप दिला आहे. मेनकेने पुढे केलेल्या बालिकेकडे, शकुंतलेकडे, पाठ फिरवून हात आडवा करणारा विश्वामित्र आपल्याला चित्रातून ठाऊक आहे, बालकांडातून नव्हे. शिष्यांसमोर आपल्या प्रत्येक घसरणीची हकिकत शांतपणे ऐकून घेणारा हा गुरू मला ब्रह्मर्षिपदापेक्षाही मोठा वाटतो.

ऋषिपणाचा नमुना म्हणून मी शमीकाकडे बोट दाखवीन. दमलेला, तहानलेला परीक्षित राजा मौनात बसलेल्या शमीकांच्या गळ्यात मेलेला साप अडकवून जातो. मुलगा शृंगी संतापून राजाला तक्षकदंशाचा शाप देतो. बाप मुलालाच बोलतो: राजा थकलेला होता, मी मौनात आहे हे त्याला ठाऊक नव्हते, आपण त्याच्या राज्यात निर्धास्त तप करतो, तू वाईट केलेस. शाप फिरत नाही, तेव्हा तो शिष्याला धाडून राजाला सावध करतो. वाल्मीकीचेही असेच. 'मा निषाद' हा शाप तोंडून निघाल्यावर त्याचा पहिला उद्गार 'हे मी काय बोललो?' असा आहे. वाल्या कोळ्याची कथा मात्र त्याच्या रामायणात नाही, ती नंतरची.

लोपामुद्राही विदर्भाचीच राजकन्या. वल्कले नेसून अगस्त्यांसोबत तप करताना तिने एक दिवस सांगितले की बापाच्या घरी होती तशी शय्या आणि अलंकार असल्याशिवाय संसार नाही. अगस्त्य धन मागायला निघाले. श्रुतर्वा, ब्रध्नश्व आणि त्रसदस्यू या तीन राजांनी त्यांच्यापुढे आपापल्या जमाखर्चाचा हिशेब मांडला. आय आणि व्यय समान निघाल्यामुळे प्रजेला पीडा होईल म्हणून अगस्त्यांनी कोणाकडूनही काही घेतले नाही. मग सर्व मिळून इल्वल राक्षसाकडे गेले आणि तेथे त्याचा भाऊ वातापी अगस्त्यांच्या पोटात पचवला गेला. पोटात राक्षस जिरवण्याची गोष्ट मुलांना आवडेलच. पण अंदाजपत्रक तपासून दान नाकारणारा ऋषी रंगमंचावर आणलात तर पालकही सरसावून बसतील.

कार्यक्रमासाठी माझी सूचना अशी की तीन रकाने पुसून टाकावेत आणि त्याऐवजी सल्ल्याचे पाच-सहा प्रसंग निवडावेत: मारीच आणि रावण, सीता आणि राम, मैत्रेय आणि दुर्योधन, विदुर आणि धृतराष्ट्र, कृष्ण आणि कर्ण, शमीक आणि शृंगी. प्रत्येक प्रसंग सात-आठ मिनिटांचा करावा. एकलव्याचा प्रसंग घेतलात तर तो शेवटी ठेवावा आणि निवेदकाने त्यावर भाष्य करू नये.

रुसलेल्या मुलासाठी भूमिका तयार आहे. कुंडिनपूरचा राजपुत्र, रुक्मिणीचा भाऊ रुक्मी, म्हणजे आपल्याच मुलखातला. उद्योगपर्वात तो एक अक्षौहिणी सेना घेऊन पांडवांच्या छावणीत येतो आणि अर्जुनाला म्हणतो, 'घाबरला असशील तर मी मदतीला आहे.' अर्जुन हसतो, आपण एकट्याने कोठे कोठे लढलो त्याची यादी ऐकवतो आणि हवे तर थांब, हवे तर जा म्हणतो. रुक्मी सेना वळवून दुर्योधनाकडे जातो. तोही शौर्याच्या अभिमानाने नको म्हणतो. सगळा भारत युद्धाला उभा राहिला असताना रुक्मी आल्या वाटेने घरी परततो. दोन प्रवेश आणि भरजरी पोशाख त्या मुलाला द्यावा, आणि 'घाबरला असशील तर' हे वाक्य दोन्ही वेळा त्याच ऐटीत म्हणायला सांगावे. सर्वांत मोठा हशा त्यालाच मिळेल.